ग्राहीचा शोध आणि त्याचा साक्षी

१८९६ साली ग्लासगोचे शल्यवैद्य जॉर्ज बीटसन यांनी स्तनाच्या कर्करोगाने जर्जर झालेल्या स्त्रियांचे अंडाशय काढून पाहिले. काहींच्या गाठी विरू लागल्या. परंतु हा गुण सर्वांना येईना. पुढे अधिवृक्क ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियाही होऊ लागल्या. लाभ मात्र साधारण तिघींतून एकीलाच होई. उरलेल्या दोघी शस्त्रक्रियेचे क्लेश व्यर्थ सोसत. ती एक कोणती, हे आधी ओळखावे कसे?

ह्या प्रश्नाच्या उत्तराचा धागा शिकागो विद्यापीठात एल्वुड जेन्सन यांच्या हाती लागला. १९५८ च्या सुमारास त्यांनी व हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्रॅडिओल ह्या स्त्री-संप्रेरकात किरणोत्सर्गी ट्रिटियम गुंफून ते उंदरांच्या माद्यांना टोचले. स्नायूंतून ते लवकर निघून गेले. गर्भाशयाने मात्र ते धरून ठेवले. धरून ठेवणारे हे प्रथिन म्हणजेच ग्राही. ज्या गाठीत ग्राही नाही, तिचे संप्रेरक तोडून सहसा काही साधत नाही, हे पुढे सिद्ध झाले.

तथापि त्या काळची परीक्षा अवघड होती. ताजी गाठ गोठवून कुटावी लागे आणि त्यात निरोगी व रोगी पेशी एकत्र मिसळत. ग्राही नेमका कोठे आहे, हे डोळ्यांना दिसत नसे. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड अखंड निर्माण करण्याची युक्ती काढली. तिच्याच आधारे जेन्सन यांचे सहकारी जेफ्री ग्रीन यांनी १९८० मध्ये मानवी ग्राहीला चिकटणारे प्रतिपिंड सिद्ध केले. उंदरांना ग्राही टोचून त्यांच्या प्लीहेतील पेशींचा चिरंजीव कर्कपेशींशी संयोग घडवून ते मिळविले होते. प्रतिपिंडाला रंग देणाऱ्या द्रव्याची जोड दिली की काचेवरील पातळ कापात ग्राहीयुक्त पेशी तपकिरी दिसू लागत.

ह्या साक्षीदाराने आपल्या जनकांचीही भीड धरली नाही. संप्रेरक आल्यावरच ग्राही पेशीच्या बाह्य भागातून केंद्रकात जातो, असे शिकागोचे मत १९६८ पासून मान्य होते. १९८४ मध्ये किंग व ग्रीन यांनी प्रतिपिंड लावून पाहिले, तो संप्रेरक नसतानाही ग्राही केंद्रकातच आढळला. मत बदलावे लागले.

जेन्सन २०१२ मध्ये निवर्तले. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीची ही परीक्षा आज उपचार ठरविण्यापूर्वी नेमाने केली जाते. टॅमॉक्सिफेनसारखे औषध कोणाला द्यावे आणि कोणाला त्याचा भार देऊ नये, ह्याचा निर्णय त्या तपकिरी खुणेवर ठरतो.