धारगळच्या रस्त्यावरील टेंपो

पेडणे तालुक्यातील धारगळ हे गाव पनवेलहून कन्याकुमारीकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलेले आहे. उत्तरेस पत्रादेवीची सीमा, दक्षिणेस कोलवाळचा पूल आणि पुलापलीकडे म्हापशाची बाजारपेठ. म्हापशाचा बाजार शुक्रवारचा. त्या दिवशी या वाटेने ज्या लहान मालवाहू गाड्या धावतात, त्यांच्या हौद्यांत नारळ असतात, भाजीच्या पाट्या असतात, हंगामात काजू आणि आंबेही असतात. गाडी टाटांची असो की महिंद्रांची, तरुण तिला ‘पिकअप’ म्हणतात. वडीलधारी मंडळी मात्र सरसकट ‘टेंपो’च म्हणतात. हा शब्द आता इतका आपला झाला आहे, की तो मुळात जर्मनीतील हँबुर्गच्या एका कारखान्याचे नाव होता, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

या नावामागे एका कायद्याची कथा आहे. १९२८ साली जर्मनीत असा नियम झाला, की चारांहून कमी चाके आणि २०० घनसेंटिमीटरपर्यंतचे इंजिन असलेल्या वाहनावर कर नाही, आणि ते हाकण्यास लायसन्सही नको. मोठी मोटार घेणे ज्याच्या आवाक्याबाहेर होते, अशा छोट्या दुकानदारास आणि कारागिरास ही मोठीच सवलत होती. हँबुर्गच्या व्हिडाल घराण्याच्या ‘टेंपो’ कारखान्याने ती हेरली आणि तीनचाकी मालगाड्या बांधण्यास आरंभ केला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच कारखान्याने ‘हान्सेआट’ नावाची तीनचाकी काढली. तिला पुढे एकच चाक. इंजिनाची सारी शक्ती त्या चाकाला. मागचा सर्व भाग मालासाठी मोकळा. रचना इतकी साधी, की सामान्य कारागिरालाही ती उलगडावी.

१९५६ च्या सुमारास जर्मनीत या गाडीचे दिवस संपत आले आणि भारतात तिचा खरा संसार सुरू झाला. अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक व वकील नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली ‘बजाज टेंपो’ ही कंपनी स्थापन झाली. प्रारंभी मुंबईच्या गोरेगावात व नंतर पुण्याजवळ आकुर्डीस या गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांच्या मागोमाग चारचाकी ‘मॅटाडोर’ आली. तोपर्यंत गावच्या मालाला दोनच वाहने ठाऊक होती : बैलगाडी आणि ट्रक. बैलगाडी शेतकऱ्याच्या मालकीची, पण तिची धाव जवळची. ट्रक दूर जाणारा, पण तो पेठेतल्या व्यापाऱ्याचा. तो भरेल एवढा माल लहान शेतकऱ्यापाशी नसे. या दोहोंमधली रिकामी जागा टेंपोने भरून काढली. म्हणूनच एका कंपनीचे नाव साऱ्या जातीचे नाव होऊन बसले.

धारगळसारख्या गावी ही गाडी पोचण्यापूर्वी रस्ता मोकळा व्हावा लागला. पेडणे महाल उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला, तरी बांदा-सावंतवाडीशी त्याचा सोयरसंबंध व व्यवहार चालूच राहिला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्या सुमारास भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि घाटमाथ्याकडचा व्यापार तुटला. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे भारतीय सैन्य पुढे सरकताच पोर्तुगिजांनी डिचोली, शापोरा आणि अस्नोडा येथील पूल उडविले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. ज्या तालुक्याचा माल नदी ओलांडल्याशिवाय म्हापशाच्या पेठेत पोचत नाही, त्याच्या दृष्टीने पूल म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न होय.

पुढची मोठी पावलेही पुण्यातच पडली. टेल्को कंपनीने १९८६ साली ‘४०७’ हा हलका ट्रक आणि १९८८ साली ‘टाटामोबाइल’ ही पिकअप बाजारात आणली. मे २००५ मध्ये, टाटा मोटर्स हे नाव धारण केलेल्या त्याच कंपनीने ‘एस’ ही चारचाकी काढली. दोन सिलिंडरांचे ७०२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, शक्ती अवघी १६ अश्वशक्ती, आणि भार साडेसात क्विंटल. लोकांनी तिचे नाव ठेवले ‘छोटा हत्ती’.

येथे पुन्हा हँबुर्गच्या त्या जुन्या नियमाची आठवण होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार एकूण ३,००० किलोंपर्यंत वजनाच्या मालवाहू गाडीस परमिट लागत नाही. हलक्या मोटारीचे लायसन्स असलेल्यास साडेसात हजार किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने तो कायम केला. कायदा जेथे लहान माणसास वाट देतो, तेथे लहान गाडी वाढते.

अशा गाडीचे मोल तिच्या कामांच्या विविधतेत आहे. एक दिवस बाजाराचा माल, दुसऱ्या दिवशी कोणाच्या घराचे जांभ्याचे चिरे, चतुर्थीस माटोळीचे सामान, जत्रेस मंडपाचे वासे; आणि काही नसेल त्या दिवशी मालक तीच गाडी घेऊन आपल्या नोकरीच्या जागी जातो. एक काम थांबले, तर दुसरे उभे असते. शेजारच्या डिचोली तालुक्याने याच्या उलट अनुभव घेतला. तेथे खनिज वाहण्यासाठी अनेक कुटुंबांनी कर्जे काढून मोठे ट्रक घेतले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबविले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. एकाच धन्याच्या कामावर बेतलेले वाहन त्या धन्याबरोबर थांबते. २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. पण मधली वर्षे ज्या कुटुंबांनी काढली, त्यांना ती परत मिळणारी नव्हती.

लहान गाडीही आपोआप टिकत नाही. पेडण्याची हवा खारी आणि पाऊस दांडगा. हौद्याचा पत्रा व साचा यांना गंज लागण्यास वेळ लागत नाही. साडेसात क्विंटलांच्या गाडीवर दीड टन चिरे लादले, की पाटे बसतात आणि ब्रेक दगा देतात. जत्रेला हौद्यात माणसे भरून नेण्याची रीत तर जिवाशी खेळ आहे. पावसाळ्याआधी रंगाचा हात, भाराची मर्यादा, वेळच्या वेळी तेलपाणी, आणि हाकेच्या अंतरावर ओळखीचा मिस्त्री, एवढे सांभाळले तर गाडी कर्ज फिटल्यानंतरही बरीच वर्षे सोबत करते. तिची खरी कमाई सुरू होते ती तेव्हाच.

११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा येथील विमानतळाचे आणि धारगळच्या आयुर्वेद संस्थेचे उद्‌घाटन झाले. तालुक्यात नव्या नोकऱ्या आल्या, जमिनीचे भाव चढले, आणि शेती ठेवावी की सोडावी, हा प्रश्न घराघरात आला. ज्या घरी एक भाऊ नोकरीस जातो आणि दुसरा बागायत पाहतो, त्या घरी दोन्ही कामांना पुरणारी एखादी गाडी असली, तर नारळाचा पाडा दलालाच्या ट्रकची वाट पाहत झाडाखाली पडून राहत नाही. तो शुक्रवारी मालकाच्या हातानेच पूल ओलांडून म्हापशास पोचतो, आणि त्याचा भावही मालकच सांगतो.