चिलखतावरील चिखल

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना इतिहासाचे दर्शन वर्षातून एकदा, गणेशोत्सवातील नाटकाच्या रूपाने घडते. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीत पानिपतावरील एक नाटक झाले. लेखा विभागातील एक सद्गृहस्थ सरदाराच्या भूमिकेत होते. अडीच महिन्यांची कोंडी, उपासमार आणि १४ जानेवारी १७६१ चे दिवसभराचे रण सोसून हा सरदार रंगमंचावर आला, तो पुठ्ठ्यावर बेगड चिकटविलेल्या, आरशासारख्या लखलखीत चिलखतात! शेजारी बसलेल्या माझ्या मुलाने हळूच विचारले, "बाबा, हे लढाईला निघालेत की लढाईहून आलेत?" मला उत्तर देता आले नाही. वेषातील चिलखत मळलेले असावे की नसावे, हा प्रश्न रंगसाहित्याचा की इतिहासाचा, याचा शोध घेऊ लागलो, आणि त्या शोधाने मला इंग्लंडच्या रंगभूमीकडे नेले. कारण या प्रश्नाची तेथे जितकी चर्चा झाली तितकी क्वचितच अन्यत्र झाली असेल.

१८२३ साली लंडनच्या कव्हेंट गार्डन नाट्यगृहात चार्ल्स केंबल याने शेक्सपिअरचे 'किंग जॉन' हे नाटक रंगभूमीवर आणले. पोशाखांची योजना जेम्स रॉबिन्सन प्लांशे या तरुण लेखकाकडे होती. तोवर ऐतिहासिक नाटकातील पात्रे बहुधा मिळेल त्या पोशाखात वावरत. प्लांशेने थडग्यांवरील पुतळे आणि जुन्या मुद्रा पाहून तेराव्या शतकातील कडीदार चिलखते आणि सपाट माथ्याची शिरस्त्राणे करविली. नटमंडळी भयंकर रुष्ट झाली. त्या शिरस्त्राणांना ती पातेली म्हणत, आणि आज प्रेक्षक आपणांस हसून घालविणार अशी तिची खात्री होती. पडदा वर गेला आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला! प्लांशेने चिलखताचा आकार खरा केला, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र त्या आकारावर काळाची खूण असावी, हा विचार अद्याप दूर होता.

तो दूर असण्यास एक कारण होते. जुनी चिलखते पाहण्याचे प्रमुख स्थान म्हणजे टॉवर ऑफ लंडन. तेथे लाकडी घोड्यांवर इंग्लंडच्या राजांची रांग सतराव्या शतकापासून मांडलेली होती. विल्यम द काँकररच्या अंगावर त्याच्यानंतर कित्येक शतकांनी घडलेले पत्र्याचे चिलखत होते. सॅम्युअल रश मेरिक या अभ्यासकाने १८२६-२७ मध्ये हा घोळ पुष्कळसा निस्तरला. परंतु दुसरी हानी भरून येणारी नव्हती. सोळाव्या शतकातील अनेक चिलखते मुळात निळसर, तपकिरी वा काळी केलेली आणि सोन्याचा मुलामा दिलेली असत. तेथील रखवालदारांनी पिढ्यान्‌पिढ्या ती घासून घासून पांढरी केली. चकचकीत पांढरे पोलाद म्हणजेच मध्ययुग, ही आपली समजूत अशी काही अंशी घासणाऱ्या हातांनी निर्माण केली आहे.

याचा अर्थ असा मात्र नव्हे की प्रत्यक्ष योद्धा गंजलेल्या चिलखतात हिंडे. गंज हा त्याचा शत्रूच होता. कड्यांचे चिलखत वाळूबरोबर पिंपात घालून लोळवीत आणि गंज काढीत. पत्र्याच्या चिलखतास तेल लावीत. बड्या सरदाराच्या पदरी हे काम करणारी माणसेच असत. तेव्हा चिलखतावर दोन प्रकारच्या खुणा संभवतात. एक जुनी झीज, म्हणजे कडेला झालेली घासण, पट्ट्याखाली साचलेले काळे, खिळ्याभोवती राहिलेला थोडा तांबूस डाग. दुसरा त्या दिवसाचा मळ. पहिली खूण माणसाचे आयुष्य सांगते, दुसरी त्या दिवसाची हकीकत.

हा भेद किती महत्त्वाचा आहे हे अजिंकूरच्या लढाईवरून कळते. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी पाचवा हेन्री फ्रेंचांपुढे उभा राहिला, तेव्हा त्याचे सैन्य हार्फ्लरहून निघून सतरा दिवस चालत आले होते आणि हगवणीने बेजार झाले होते. आदल्या रात्री पाऊस पडला. शेत नुकतेच नांगरलेले होते. त्या चिखलात पत्र्याच्या चिलखतातील फ्रेंच सरदार पायी चालत आले, पावलोपावली रुतले, थकले आणि दाटीत एकमेकांवर पडले. इंग्लिश धनुर्धरांचा पराक्रम खरा. पण त्या विजयात चिखलाचा वाटाही मोठा होता. शेक्सपिअरलाही हे ठाऊक होते. त्याचा राजा फ्रेंच दूताला सांगतो की पावसातील कूच करून आमचा सारा मुलामा मळून गेला आहे.

लॉरेन्स ऑलिव्हिए याने १९४४ साली याच नाटकाचा चित्रपट केला. लढाईचे चित्रण आदल्या वर्षी आयर्लंडमधील पॉवर्सकोर्ट येथील हिरव्यागार कुरणात झाले. युद्धकाळी धातू मिळेना, म्हणून कड्यांची चिलखते लोकरीची विणून त्यांवर रुपेरी रंग फवारला. ध्वज फडकतात, पोलाद चमकते, जुन्या हस्तलिखितातील चित्र जिवंत व्हावे तसे सारे दिसते. फ्रेंच सरदारास यारीने उचलून घोड्यावर बसविण्याचा प्रसंग तर निव्वळ कल्पित आहे. पंचवीस किलोच्या आतबाहेरचे, अंगभर वाटलेले वजन घेऊन सराव असलेला मनुष्य स्वतःच घोड्यावर बसे. मरणाच्या छायेत असलेल्या राष्ट्रास धीर देण्यासाठी तो चित्रपट होता, आणि त्या कामी तो यशस्वी झाला. मी त्यास दोष देत नाही. पण कोरड्या कुरणावर अजिंकूर लढले की विजयाचे कारणच नाहीसे होते, आणि उरते केवळ राजाचे वक्तृत्व.

१९६५ साली ऑर्सन वेल्सने 'चाइम्स ॲट मिडनाइट' मध्ये श्रूजबरीची लढाई चिखलात लोळविली. १९८९ मध्ये केनेथ ब्रानाने 'हेन्री द फिफ्थ' पुन्हा केला, तेव्हा राजाच्या तोंडावरही चिखल होता. त्यातील पोशाखांसाठी फिलिस डाल्टन यांना ऑस्कर मिळाले. त्यानंतर मात्र चिखलाचीच रूढी पडली. पाऊस नसो, कूच नसो, दरबारात उभा असलेला सरदारही आपला तपकिरी राखेत लोळून आल्यासारखा! हा बेगडाचाच दुसरा अवतार होय.

कसबी कारागीर असे करीत नाही. तो आधी विचारतो की हा माणूस कोठून आला, पायी की घोड्यावर, स्वतः चिलखत पुसतो की त्याचा नोकर. मग कडांवर रुपेरी रंग घासतो, पातळ काळा रंग लावून सुकण्यापूर्वी पुसतो, म्हणजे तो फक्त खाचांत राहतो. चिखल खालून वर उडवितो. शेवटी धुळीसाठी जी माती उडवितात ती परदेशी रंगशाळांतही आपली मुलतानी मातीच. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' मधील वाळवंटातील शिपायांची पांढरी प्लास्टिकची चिलखते अशीच मळविली होती. त्या चित्रपटाचे वेषकार जॉन मोलो हे लष्करी गणवेषांचे अभ्यासक होते. पुढे 'गांधी' चित्रपटासाठी १९८३ साली त्यांच्याबरोबर ऑस्करच्या मानकरी झाल्या त्या कोल्हापूरच्या भानू अथैया, ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय. पोलादाचा तज्ज्ञ आणि कापडाची जाणकार यांची ही जोडी मला फार अर्थपूर्ण वाटते.

पुढच्या वर्षी तेच नाटक पुन्हा झाले. बेगडावर बुटाचे काळे पॉलिश लावून फडक्याने पुसावे आणि गुडघ्यांखाली मुलतानी माती थापावी, असे मी सुचविले. दोन संध्याकाळी खपून आम्ही ते केलेही. सरदारसाहेबांनी ते पाहिले आणि साफ नकार दिला. सासरची मंडळी नाटकास येणार होती! मी त्यांना प्लांशेच्या पातेल्यांची गोष्ट सांगितली. तिसऱ्या घंटेला त्यांनी नाइलाजाने चिलखत अंगात चढविले, आणि खांद्यावरचा एक चकचकीत राहिलेला पट्टा, कोणी पाहत नाही असे पाहून, स्वतःच बोटाने काळा केला.