उजेडाची आवक-जावक

बदलीच्या नोकरीत परमुलुखी राहणाऱ्या आम्हा कारकून मंडळींस देवळे पाहण्याची सवड मिळते ती रविवारी. कुंभकोणमहून पश्चिमेस चारेक किलोमीटरवर दारासुरमचे ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने ते बांधविले. पुढील मंडपास दगडी चाके व घोडे कोरून रथाचे रूप दिलेले आहे. आमच्या मातोश्रींची दृष्टी अलीकडे मंदावत चालली असून त्यांस प्रवास झेपत नाही. खांबांवरील नक्षी छायाचित्रांतून तरी त्यांस वेळेवर दाखवावी, या हेतूने वडिलांचा जुना फिल्मचा कॅमेरा घेऊन आम्ही तेथे गेलो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाचा काटा सांगेल तसे केले. फिल्म धुऊन आली तेव्हा मागील अंगणातले ऊन उत्तम उमटले होते; खांब मात्र काळेठिक्कर!

मापकावाचूनही या मुलखात अप्रतिम काम झालेले आहे. मद्रास सरकारचे छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप यांनी 1858 मध्ये तंजावरास बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्यावरील शिलालेखांची 21 छायाचित्रे जोडून एक लांबलचक पट सिद्ध केला. अनुभवी डोळा हेच त्यांचे माप. पुढे सरकारी काटकसरीत ते पदच रद्द झाले. आमच्या वाचकांस ही कथा अपरिचित वाटू नये.

सेलेनियम या द्रव्यावर उजेडाचा परिणाम होतो, हे 1873 मध्ये ध्यानात आले. त्यावर आधारलेला वेस्टन कंपनीचा हातात धरावयाचा मापक 1932 मध्ये निघाला. तीनच वर्षांनी, 1935 मध्ये, जर्मनीतील झाइस इकॉनने काँटाफ्लेक्स कॅमेऱ्यातच मापक बसविला. 1963 मध्ये जपानच्या टॉपकॉनने भिंगातून आत येणारा उजेड मोजण्याची सोय केली. मापक असा पायरीपायरीने हातातून कॅमेऱ्याच्या पोटात गेला व छायाचित्रकाराचे काम हलके झाले.

परंतु यात एक फरक पडला. तो आमच्या कचेरीच्या भाषेत सांगणे सोपे. कॅमेऱ्यातील मापक वस्तूवरून परत येणारा उजेड मोजतो. ही झाली जावक. हातातल्या मापकावर अर्धगोल पांढरी टोपी बसवून तो वस्तूपाशी कॅमेऱ्याकडे तोंड करून धरला, म्हणजे वस्तूवर पडणारा उजेड मोजला जातो, ही आवक. जावक मोजणारा मापक समोरचे सारे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. मागे लख्ख ऊन असेल तर तो उजेड कमी करावयास सांगतो, आणि सावलीतला खांब बुडतो. आवकेस मागील उन्हाशी कर्तव्य नसते.

तथापि हातातला मापकही सर्वज्ञ नव्हे. सेलेनियमला बॅटरी लागत नाही हे खरे, परंतु अंधुक उजेडात त्याचा काटा जेमतेम हलतो. गोपुराच्या माथ्यावरील मूर्तीपाशी तो नेणार कसा? तेथे भिंगातून मोजणाराच बरा. चूक यंत्राची नव्हती. कोणत्या वहीत पाहावयाचे, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

आमच्या शेजारी एक वृद्ध तंजावरी मराठी गृहस्थ राहतात. त्यांनी आपला हातातला मापक आम्हांस वापरावयास दिला. पुढच्या रविवारी प्रत्येक खांबापाशी जाऊन आम्ही तो धरला. त्या निमित्ताने प्रत्येक खांब जवळून पाहणेही घडले. या खेपेस मागचे अंगण पांढरेफटक झाले, पण दगड उजळला.

मातोश्रींनी ते चित्र खिडकीपाशी नेले, भिंग लावून पुष्कळ वेळ न्याहाळले, आणि विचारले, "या नाचणारीच्या पायांत पैंजण आहेत, होय रे?"

आम्ही पुन्हा पाहिले. होते.