सन १८९३ : पर्युषण पर्वात शिकागोला पोहोचलेला जैन धर्म

वीर निर्वाण संवत २४१९, शके १८१५, म्हणजेच इ. स. १८९३. आधुनिक भारताच्या इतिहासात या एका वर्षाने इतक्या घटना पोटात घेतल्या आहेत की त्यांची संगती लावताना अभ्यासकही चकित होतो. फेब्रुवारीत अरविंद घोष चौदा वर्षांच्या वास्तव्यानंतर इंग्लंडहून मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले. एप्रिलमध्ये याच किनाऱ्यावरून मोहनदास करमचंद गांधी नावाचा, वकिलीत अजून जम न बसलेला तरुण दक्षिण आफ्रिकेस निघाला आणि ७ जून रोजी पीटरमॅरिट्सबर्गच्या स्थानकावर त्याला पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवण्यात आले. ३१ मे रोजी स्वामी विवेकानंदांनी मुंबई सोडली. ऑगस्टमध्ये मुंबई दंगलीने होरपळली. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ झाला तो याच वर्षी, असे सामान्यतः मानले जाते. याच वर्षीच्या पावसाळ्यात मुंबईहून आणखी एक तरुण समुद्रपार निघाला. त्याचे नाव वीरचंद राघवजी गांधी. शालेय पाठ्यपुस्तकांत हे नाव क्वचितच आढळते. जैन समाजातही ते जितक्या आदराने घेतले जावे तितके घेतले जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

कोलंबसाच्या अमेरिका-गमनास चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने शिकागो येथे भव्य जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याला जोडून जगातील सर्व धर्मांची परिषद भरवावी ही कल्पना चार्ल्स बॉनी या कायदेपंडिताची, आणि तिच्या सिद्धतेचा भार होता रेव्हरंड जॉन हेन्री बॅरोज यांच्यावर. निमंत्रणे जगभर गेली. जैन धर्माच्या वतीने निमंत्रण आले ते आचार्य श्री विजयानंदसूरीश्वरजी महाराज, म्हणजेच सर्वश्रुत आत्मारामजी महाराज यांना.

आत्मारामजी महाराजांचा जन्म १८३७ साली पंजाबात झाला. प्रथम स्थानकवासी परंपरेत दीक्षा, आगमांच्या सखोल अभ्यासानंतर मूर्तिपूजक संवेगी परंपरेचा स्वीकार आणि १८८६ साली पालीताणा येथे आचार्यपद, असा त्यांचा जीवनप्रवास. पाश्चात्त्य विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. 'उपासकदशांग' सूत्राचे संपादन करणारे डॉ. रुडॉल्फ हॉर्नले यांनी आपल्या शंका त्यांच्याकडून सोडवून घेतल्या आणि तो ग्रंथ संस्कृत श्लोक रचून त्यांनाच अर्पण केला. शिकागोच्या संयोजकांना त्यांचे नाव ठाऊक असावे यात म्हणूनच नवल नाही.

परंतु निमंत्रणाने एक पेच उभा केला. जैन साधू वाहनात बसत नाही. त्याचा विहार पायीच व्हावयाचा. आगबोटीने सातासमुद्रापार जाणे हा महाव्रतांना छेद होता. धर्मप्रभावनेची एवढी संधी दारी आली असता ती नाकारावी, की आचारास मुरड घालून ती साधावी? आत्मारामजी महाराजांनी आचारास मुरड घातली नाही आणि संधीही सोडली नाही. त्यांनी आपल्या वतीने एका श्रावकास पाठवावयाचे ठरविले. या परिषदेस नकार देणारे आणखी एक धर्माधिकारीही होते, ते म्हणजे कँटरबरीचे आर्चबिशप. ख्रिस्ती धर्म इतर धर्मांच्या पंक्तीस बसविणे त्यांना मान्य नव्हते. दोन्ही नकारांमागील कारणांत केवढे अंतर आहे, हे वाचकांनीच पाहावे.

ज्या श्रावकाची निवड झाली त्याचे वय होते अवघे एकोणतीस. वीरचंदभाईंचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ साली ते बी. ए. झाले आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी 'जैन असोसिएशन ऑफ इंडिया' या संस्थेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. ते पद शोभेचे नव्हते. पालीताण्याचे ठाकूर शत्रुंजयाच्या यात्रेकरूंकडून कर वसूल करीत आणि त्यावरून संघाचा व संस्थानाचा वाद विकोपास गेला होता. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या कारकिर्दीत, १८८६ साली, वर्षाकाठी ठोक १५,००० रुपये देऊन माणशी कर बंद करण्याचा चाळीस वर्षांचा करार झाला, त्यामागे वीरचंदभाईंचे परिश्रम होते. (ही मुदत संपल्यावर १९२६ साली तंटा पुन्हा पेटला, यात्रा दोन वर्षे बंद राहिली आणि अखेर रक्कम ६०,००० वर गेली, हे येथे जाता जाता सांगावयास हवे.)

दुसरा प्रसंग सम्मेदशिखरजीचा. वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. त्या पवित्र पहाडावर बोडम नावाच्या इंग्रजाने डुकरांची चरबी काढण्याचा कारखाना घातला. समाजात संतापाची लाट उसळली, पण संतापाने खटले जिंकता येत नाहीत. वीरचंदभाई कलकत्त्यास जाऊन राहिले. जुनी कागदपत्रे वाचता यावीत म्हणून ते बंगाली शिकले. उच्च न्यायालयात समाजाची बाजू मान्य झाली आणि कारखाना बंद पडला. शिखरजीच्या पावित्र्याचा प्रश्न त्यानंतरही वारंवार उद्भवला. २०२३ च्या जानेवारीत देशभरातील जैन बांधव रस्त्यावर उतरल्यानंतर केंद्र शासनाने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली, तेव्हा या जुन्या लढ्याची आठवण फार थोड्यांना झाली असेल.

मुंबईतील या दिवसांत वीरचंदभाईंचा स्नेह जडला तो मोहनदास गांधींशी. सॉलिसिटरच्या परीक्षेची तयारी करणारे वीरचंदभाई त्यांना सर फिरोजशहा मेहतांच्या कायदेज्ञानाच्या हकीकती सांगत. आहाराचे प्रयोगही दोघांनी मिळून केले. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत या मित्राचा उल्लेख केला आहे. पुढे एकाच वर्षी दोघांनी मुंबई सोडली. एकाने आफ्रिकेची वाट धरली, दुसऱ्याने अमेरिकेची.

निघण्यापूर्वी वीरचंदभाईंनी पंजाबात आत्मारामजी महाराजांच्या सान्निध्यात राहून तत्त्वज्ञानाची उजळणी केली. परिषदेत कोणते प्रश्न येतील आणि त्यांस उत्तरे काय द्यावीत, याचा विचार करून महाराजांनी रचलेला ग्रंथ 'शिकागो-प्रश्नोत्तर' या नावाने पुढे प्रसिद्ध झाला.

११ सप्टेंबर १८९३ रोजी सकाळी दहा प्रमुख धर्मांच्या नावे घंटेचे दहा टोल पडले आणि परिषद सुरू झाली. सभागृहात सुमारे चार हजार श्रोते होते. त्या दहांत जैन धर्म स्वतंत्रपणे गणला गेला होता. पंचांग पाहिले असता ध्यानात येते की भाद्रपद शुद्ध चतुर्थी त्याच आठवड्यात येत होती. म्हणजे इकडे मुंबई-पुण्यातील मंदिरांत पर्युषणाचे कल्पसूत्र वाचन चालू असताना तिकडे काठियावाडी पागोटे घातलेला एक श्रावक आपल्या गुरूंचा संदेश परक्या भाषेत सांगत होता. आपण बौद्ध धर्माहूनही प्राचीन अशा धर्माचे प्रतिनिधी आहोत, त्याचे अनुयायी भारतातील पंधरा लाख शांतताप्रिय नागरिक आहेत, अशा आशयाचे ते छोटेखानी भाषण होते. १८९१ च्या जनगणनेत जैनांची संख्या चौदा लाखांहून थोडी अधिक भरली होती, तेव्हा हा आकडा फारसा फुगविलेला नव्हता.

'बौद्ध धर्माहून प्राचीन' या शब्दांचे मोल आज कळणे कठीण आहे. जैन धर्म ही बौद्ध धर्माचीच एक फांदी होय, असे लासेन, वेबर यांसारखे युरोपीय पंडित मानीत आले होते. हर्मन याकोबी यांनी १८७९ साली कल्पसूत्राच्या प्रस्तावनेत व पुन्हा १८८४ साली आचारांगादी सूत्रांच्या भाषांतरास जोडलेल्या प्रस्तावनेत हे मत साधार खोडून काढले. परंतु विद्वानांच्या ग्रंथांत सिद्ध झालेली गोष्ट लोकांपर्यंत पोहोचावयास वेळ लागतो. ती हजारो श्रोत्यांपुढे एका जैनाच्या मुखातून आली, हे शिकागोचे खरे फलित म्हणावे लागेल.

वीरचंदभाईंचा मुख्य निबंध २५ सप्टेंबरला झाला. दशलक्षण पर्वाची अनंत चतुर्दशी नुकतीच उलटली होती. द्रव्यार्थिक आणि पर्यायार्थिक या दोन नयांपासून आरंभ करून जग अनादी कसे आणि तरीही क्षणोक्षणी बदलणारे कसे, हे त्यांनी मांडले. नवतत्त्वे, जीवांचे प्रकार, कर्म आणि पुनर्जन्म यांचा परिचय करून दिला. पण त्या दिवशी सभागृह हलले ते निबंधाच्या आधीच. आदल्या दिवशी लंडनच्या रेव्हरंड पेंटेकॉस्ट यांनी भारतीय देवळांतील देवदासींचा दाखला देऊन हिंदू धर्मावर प्रखर टीका केली होती. जैन धर्मावर आघात झाला नव्हता; गप्प बसणे सहज शक्य होते. तरीही वीरचंदभाई उभे राहिले आणि समाजातील दोष हे धर्माचे दोष नव्हेत, असे त्यांनी ठामपणे सांगितले. प्रतिनिधी जैनांचा, बचाव हिंदू समाजाचा. त्या एका कृतीत त्यांचा पिंड दिसतो.

मुंबई इलाख्याचा आवाज त्या व्यासपीठावर एकट्या वीरचंदभाईंचा नव्हता. समाजसुधारणेवर बोलणारे बी. बी. नगरकर मुंबईचेच, पारशी धर्मावरील जीवनजी जमशेटजी मोदी यांचा निबंधही तेथे सादर झाला. तरीही शिकागो म्हटले की विवेकानंदांचेच नाव ओठी येते. ते स्वाभाविक आहे, त्यांची वाणी विलक्षण होती. मात्र खुद्द विवेकानंदांनी वीरचंदभाईंना कसे पाहिले, हे जाणण्यासारखे आहे. १८९४ साली जुनागडच्या दिवाणांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या जैन मित्राची मुक्त प्रशंसा केली आहे: हा गृहस्थ भयंकर थंडीतही शुद्ध शाकाहार सोडीत नाही, देशाची व धर्माची बाजू हिरिरीने मांडतो, येथील लोकांना तो प्रिय आहे, आणि ज्यांनी त्याला पाठविले ते मात्र त्याला जातीबाहेर घालावयास निघाले आहेत.

हे खरे होते. समुद्रपर्यटनाने धर्म भ्रष्ट होतो असे मानणारा मोठा वर्ग मुंबईच्या संघात होता. त्या लोकांना केवळ कर्मठ म्हणून सोडून देणे न्याय्य नाही. परदेशी अन्नपाण्याची, आचार सुटण्याची त्यांची भीती प्रामाणिकही असेल. पण ज्याच्यासंबंधी ती व्यक्त झाली त्याने अभक्ष्यास स्पर्शही केला नव्हता. आत्मारामजी महाराज अखेरपर्यंत आपल्या शिष्याच्या पाठीशी उभे राहिले. मे १८९६ मध्ये गुजरानवाला येथे त्यांचा स्वर्गवास झाला आणि वीरचंदभाईंचा सर्वांत मोठा आधार गेला.

पुढील वर्षांत ते पुन्हा अमेरिकेस व इंग्लंडला गेले. बोस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा अनेक नगरांत व्याख्याने दिली. भारतातील स्त्रियांच्या शिक्षणासाठी तेथे एक संस्था उभी केली. १८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेतून धान्याने भरलेले जहाज भारताकडे रवाना करविण्यात त्यांचा पुढाकार होता. मध्यंतरी ख्रिस्ताच्या भारतप्रवासाविषयीच्या एका फ्रेंच पुस्तकाचे इंग्रजी भाषांतरही त्यांनी केले. त्या पुस्तकातील कथा विद्वानांनी पुढे बनावट ठरविली. पण सर्व धर्मांचे सूत्र जोडू पाहणाऱ्या त्यांच्या मनाचा कल त्यातून कळतो.

महाराष्ट्रातील जैन समाज याच दशकात कूस बदलत होता. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८४ साली सुरू केलेले 'जैन बोधक' मासिक घरोघरी धर्मवाचन पोहोचवीत होते. १८९९ साली निपाणीजवळील स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातील शेतकरी जैनांच्या मुलांसाठी वसतिगृहांचा मार्ग मोकळा झाला. शिकागोचे व्यासपीठ आणि स्तवनिधीचा डोंगर यांचा थेट संबंध जोडता येणार नाही. पण आपला धर्म आपणच, आधुनिक शिक्षण घेऊन, जगास समजावून सांगावयाचा ही निकड दोन्ही ठिकाणी एकच होती.

वीरचंदभाईंचे ७ ऑगस्ट १९०१ रोजी मुंबईत निधन झाले. सदतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. लंडनमध्ये त्यांची व्याख्याने ऐकून जैन आचार स्वीकारलेले हर्बर्ट वॉरन यांनी त्या व्याख्यानांची टिपणे जपून ठेवली होती. त्यांच्या आधारे लिहिलेले वॉरन यांचे जैन धर्मावरील इंग्रजी पुस्तक १९१२ साली प्रसिद्ध झाले. वीरचंदभाईंचे टपाल तिकीट भारत सरकारने काढले ते २००२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर एकशे एक वर्षांनी.