माग सर्वांचा, नक्षी आपली

मंडळी, आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वाचला तर कोरडा वाटतो : सर्व्हरवर ओपन सोर्स वेब फ्रेमवर्क बसवणं, आणि त्याचा इतिहास. पण सोलापुरात तो सांगणं सोपं आहे, कारण इथे माग कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

चादरीवर नक्षी कशी उठते? मागावर जॅकार्ड असतं. भोकं पाडलेल्या कार्डांची माळ फिरते आणि कुठले उभे धागे वर उचलायचे हे ती भोकं ठरवतात. नक्षी बदलायची तर माग मोडत नाही, कार्डं बदलतो. फ्रान्सच्या लिआँ शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं. पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डं घ्यायचं ठरवलं, आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथनं भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली. हे आपण ऐकलेलं असतं. कमी सांगितलं जातं ते असं, की फ्रेंच सरकारनं हे यंत्र दोन-चार वर्षांतच सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर केलं आणि जॅकार्डला पेन्शन बांधून दिली, शिवाय प्रत्येक मागामागे काही रक्कम. म्हणजे यंत्र सर्वांचं झालं, नक्षी ज्याची त्याची राहिली. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे.

आता वेबकडे येऊ. १९९५ मध्ये अपाची सर्व्हर आणि पीएचपी ही दोन्ही लोकांच्या हाती आली. वेबसाइट करणं शक्य झालं, पण प्रत्येक जण लॉगिन, फॉर्म, डेटाबेसची जोडणी हे पहिल्यापासून लिहीत बसायचा. दर चादरीला नवा माग बांधण्यासारखंच हे! त्या कंटाळ्यातून फ्रेमवर्क जन्मली. आणि ती प्रयोगशाळेत नाही, धंद्याच्या कामात जन्मली. २००४ मध्ये रेल्स आलं, ते शिकागोच्या एका छोट्या कंपनीच्या कामातून. २००५ मध्ये जँगो आलं, ते अमेरिकेतल्या लॉरेन्स नावाच्या गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीतून.

तिसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यातली गरज पाहून हिशेब, माल, ऑर्डर सांभाळणारं सॉफ्टवेअर करायला घेतलं. २००८ मध्ये कंपनी निघाली. सॉफ्टवेअरचं नाव ईआरपीनेक्स्ट, आणि त्याच्या पोटातून वेगळं काढलेलं फ्रेमवर्क म्हणजे फ्रॅपे. ईआरपीनेक्स्टचा परवाना जीपीएल : तुम्ही बदल करून पुढे वाटलंत, तर तो बदलही खुला ठेवायचा. फ्रॅपेचा परवाना एमआयटी : मूळ सूचना तशीच ठेवा, बाकी काहीही करा.

हे सर्व्हरवर बसवायचं म्हणजे काय? आधी लिनक्स. मग पायथन, मारियाडीबी, रेडिस, नोड. त्यानंतर 'बेंच' नावाचं साधन. ते फ्रेमवर्क उतरवून घेतं, नवी साइट उभी करतं, आणि शेवटी एनजिनएक्सची जोडणी करून ती जगासाठी खुली करतं. एका बेंचवर अनेक साइट चालतात, प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा. एकाच शेडमध्ये चार जणांचे माग, सूत ज्याचं त्याचं.

या यादीतलं एकेक नाव म्हणजे एकेक मालकीचा तंटा आहे बरं का. मारियाडीबी का आलं? २००९ मध्ये ओरॅकलनं सन कंपनी घेण्याचं जाहीर केलं, आणि सनबरोबर मायएसक्यूएलही चाललं होतं. त्याचे एक मूळ लेखक मॉन्टी विडेनियस यांनी तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडली आणि तिला धाकट्या मुलीचं, मारियाचं, नाव दिलं. २०२४ च्या मार्चमध्ये रेडिसच्या कंपनीनं परवाना आवळला. काही दिवसांत त्याच कोडवरून व्हॅल्की उभं राहिलं. वेगळं निघायचा हा हक्क म्हणजेच मुक्त सॉफ्टवेअर. 'फुकट' ही त्यातली किरकोळ गोष्ट.

दुसरी बाजूही सांगतो. फ्रॅपेत बिलाची पीडीएफ काढायला वर्षानुवर्षं डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ नावाचं साधन वापरलं गेलं. २०२३ मध्ये त्याचं काम बंद करून कोड नुसता वाचायला ठेवला. खटला कुणी केला नाही, विकतही कुणी घेतलं नाही. सांभाळणारं माणूस उरलं नाही इतकंच. सार्वजनिक विहिरीचा गाळ काढायला कुणी आलं नाही तर पाणी कुणालाच मिळत नाही.

तेव्हा समजा, इथल्या एखाद्या टॉवेलवाल्या कारखानदारानं आपला सगळा हिशेब अशा सर्व्हरवर ठेवला. त्यानं बसवून देणाऱ्याला काय विचारावं? किंमत तर विचाराच. पण आधी विचारा, बॅकअप कुठे जातो? फ्रॅपेत बॅकअपची साधी आज्ञा डेटाबेस घेते. जोडलेली बिलं, फोटो हवे असतील तर 'फाइलींसह' असं वेगळं सांगावं लागतं. साइटच्या कॉन्फिग फाइलीत एक एन्क्रिप्शन की असते. ती हरवली तर नव्या सर्व्हरवर बाकी सगळं परत येईल, पण ईमेल वगैरेंचे साठवलेले पासवर्ड उघडणार नाहीत. ती की आणि सर्व्हरचा मुख्य पासवर्ड बसवणाऱ्याच्या लॅपटॉपवर आहेत, की तुमच्या तिजोरीत?

परवाना कितीही खुला असो, या प्रश्नाचं उत्तर 'त्यांच्याकडे' असं आलं, तर माग सर्वांचा असूनही तुमची कार्डं दुसऱ्याच्या कपाटात आहेत. ती परत मागून घ्यायला कायद्याची काही आडकाठी नाही. मागायला मात्र हवीत, आणि संबंध चांगले आहेत तोवर. आता प्रश्न विचारा, मंडळी.