तांदळावरची बुरशी

कोलेस्टेरॉलची गोळी आता घरोघरी पोहोचली आहे. ती घेणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो, की या गोळीचे मूळ एका बुरशीत आहे.

अकिरा एन्डो हे जपानमधील सान्क्यो या औषध कंपनीतले संशोधक. पेनिसिलीन शोधणारे फ्लेमिंग त्यांचे आदर्श. रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते आणि हे काम एका विकरावर, म्हणजे एन्झाइमवर अवलंबून असते. एन्डो यांचा तर्क असा, की अनेक सूक्ष्मजीवांना जगण्यासाठी कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ लागतात. मग त्यांच्याशी झुंजणाऱ्या एखाद्या बुरशीजवळ हे विकर रोखणारे रसायन असेलच की!

१९७१ मध्ये शोध सुरू झाला. सहा हजारांवर नमुने तपासल्यावर, १९७३ मध्ये क्योटोच्या एका धान्यदुकानातील तांदळावर वाढलेल्या बुरशीत ते रसायन सापडले. त्याचे नाव कॉम्पॅक्टिन.

पण उंदरांना ते देऊनही त्यांचे कोलेस्टेरॉल उतरेना. औषध जवळजवळ बाद झाले. एन्डो मात्र हटले नाहीत. अंडी देणारी कोंबडी भरपूर कोलेस्टेरॉल तयार करते. १९७६ मध्ये अशा कोंबड्यांना औषध दिले आणि त्यांचे कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरले.

१९७८ मध्ये ओसाकातील डॉ. यामामोतो यांनी, आनुवंशिक दोषामुळे कोलेस्टेरॉल अतिशय वाढलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलीला ते दिले. कोलेस्टेरॉल उतरले, पण स्नायू दुबळे झाले. पुढच्या रुग्णांना मात्रा कमी दिली आणि औषध मानवले. तरीही १९८० मध्ये कंपनीने चाचण्या थांबवल्या. अखेर मर्क या अमेरिकन कंपनीचे, दुसऱ्या बुरशीतून मिळालेले लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये बाजारात आले.

ही औषधे दुहेरी काम करतात. यकृतातली निर्मिती घटते. मग कोलेस्टेरॉल कमी पडल्याने यकृताच्या पेशी जणू जास्त दारे उघडतात आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल आत ओढून घेतात. या दारांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी होते.

एन्डो २०२४ मध्ये निवर्तले. उंदरांपाशीच ते थांबले असते तर? म्हणूनच माझे सांगणे एवढेच, की ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्नायू दुखू लागले, तर डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करून मार्ग निघू शकतो, हे त्या पहिल्या रुग्णांनीच दाखवून दिले आहे.