नीतीचें मूळ आणि नीतीचा अधिकार

मनुष्य दुसऱ्यासाठीं झीज कां सोसतो, हा प्रश्न फार जुना आहे. नदींत बुडणाऱ्या अनोळखी मुलासाठीं कांठावरचा वाटसरू उडी घालतो. दुष्काळांत स्वतःच्या घरीं पुरेसें धान्य नसतांहि शेजाऱ्याच्या पदरांत पसाभर घातलें जातें. आणि असें न करणाऱ्यास गांव नांवें ठेवतें. या वृत्तीचें मूळ धर्मशास्त्रांनीं ईश्वराच्या आज्ञेंत शोधलें, तत्त्वज्ञांनीं विवेकबुद्धींत शोधलें. एकोणिसाव्या शतकांत तें प्राण्यांच्या इतिहासांत शोधण्याचा उद्योग सुरू झाला आणि त्याबरोबरच एक वाद उभा राहिला. त्या वादाची हकीकत आज पुन्हां सांगण्याचें कारण असें कीं, 'सृष्टीचा नियमच तसा आहे' एवढें म्हणून आपल्या निर्दयपणाचें किंवा आपल्या औदार्याचें समर्थन करणारीं माणसें अद्यापि पदोपदीं भेटतात. आणि आपण कोणाचा युक्तिवाद उसना घेतला आहे, याची त्यांपैकीं फारच थोड्यांना जाणीव असते.

डार्विनचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८५९ सालीं प्रसिद्ध झाला. 'जीवनकलह' हा शब्द आपण व्यापक व लाक्षणिक अर्थानें योजीत आहों, एका जीवाचें दुसऱ्यावर अवलंबून असणें हेंहि त्यांत येतें, असा खुलासा ग्रंथकारानें तेथेंच केला होता. पण शब्द एकदां ग्रंथाबाहेर पडला म्हणजे तो लोकांच्या मालकीचा होतो. लोकसंख्या अन्नापेक्षां वेगानें वाढते हें माल्थसचें १७९८ मधील प्रतिपादन इंग्लंडच्या हाडींमासीं खिळलें होतें. गिरण्यांची चढाओढ डोळ्यांसमोर होती. अशा वाचकांनीं कलह म्हणजे मारामारी एवढाच अर्थ घेतला, यांत नवल नाहीं.

नीतीच्या प्रश्नाला डार्विननें स्वतः हात घातला तो १८७१ सालीं, मनुष्याच्या वंशावळीवरील ग्रंथांत. कळप करून राहणाऱ्या प्राण्यांत एकमेकांविषयीं सहजप्रेम असतें. त्याला स्मरणशक्ति, बुद्धि आणि भाषा यांची जोड मिळाली कीं केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप होऊं लागतो, शेजाऱ्यांची स्तुति हवीशी वाटते व निंदा झोंबते. याप्रमाणें सदसद्विवेक उत्पन्न होतो, असें त्याचें म्हणणें. यांतील अडचण त्यानें लपविली नाहीं. जो शूर पुरुष सोबत्यांसाठीं प्राण देतो, त्याला संतति कमी होणार. मग त्याचा गुण पुढच्या पिढींत वाढतो कसा? डार्विनचें उत्तर असें कीं, जिच्यांत परस्परांस साहाय्य करणारीं माणसें अधिक, ती टोळी दुसऱ्या टोळीवर मात करते. या उत्तरांत सद्‌गुणाच्या पोटीं युद्ध दडलेलें आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिच्याकडे परत यावयाचें आहे.

वादांतील पहिला पक्ष टॉमस हेन्री हक्सले याचा. हा डार्विनच्या मताचा इंग्लंडांतील सर्वांत खंबीर कैवारी. आणि तरीहि नीतीच्या न्यायासनासमोर सृष्टिक्रमाविरुद्ध सर्वांत कठोर साक्ष त्यानेंच दिली. १८८८ च्या फेब्रुवारींत 'नाइन्टीन्थ सेंच्युरी' या मासिकांत मनुष्यसमाजांतील जीवनकलहावर त्याचा लेख आला. नीतिज्ञाच्या दृष्टीनें प्राण्यांचें जग रोमन आखाड्यांतील प्राणघातक झुंजींसारखें आहे, आणि कुटुंबाची अपुरी मर्यादा सोडली तर आदिमानवांतहि ज्याचें त्याचें प्रत्येकाशीं युद्धच चालू होतें, असें चित्र त्यानें रेखाटलें. मनुष्य नीतिमान् झाला तो या झुंजीला आळा घालून. हक्सलेनें उमेदवारीच्या वयांत लंडनच्या पूर्वभागांतील गोदीवाल्या वस्त्यांत वैद्यकाचें काम करतांना उपासमार व घाण पाहिली होती. आणि हा लेख प्रसिद्ध होण्यापूर्वीं तीनच महिने त्याची मॅरियन ही कन्या निवर्तली होती. सृष्टि दयाळू आहे असें म्हणण्यास त्याचें मन त्या वेळीं धजलें नसेल तर त्याला कोण दोष देईल?

याच मासिकांत त्याला उत्तर मिळालें, आणि तें एका हद्दपार रशियन सरदारपुत्राकडून. प्रिन्स पीटर क्रोपॉटकिन हा १८६२ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, राजदरबारांतील नोकरीची वाट सोडून सैबेरियांत गेला व पांच वर्षें तेथें राहिला. डार्विनचें पुस्तक त्याला ठाऊक होतें. एकाच जातीच्या प्राण्यांत अन्नासाठीं चाललेली तीव्र झुंज आपणांस पदोपदीं दिसेल या अपेक्षेनें तो व त्याचा प्राणिशास्त्रज्ञ सोबती पोल्याकोव्ह हिंडले. ती त्यांस सहसा आढळली नाहीं. आढळलीं तीं हिमवादळें, अकालीं पडणारी थंडी, महापूर आणि त्यांपुढें गर्दी होण्याऐवजीं विरळ झालेली जीवसृष्टि. खोल बर्फांतून सुटण्यासाठीं दूरदूरच्या रानांतून हजारों हरिणें एकत्र होऊन अमूर नदी जेथें सर्वांत अरुंद आहे तेथें ती ओलांडावयास येत आहेत, हें दृश्य त्याच्या मनावर कायमचें कोरलें गेलें. पुढें क्रांतिकारक म्हणून तो फ्रान्समध्यें तुरुंगांत असतां, १८८३ सालीं, केसलर या रशियन प्राणिशास्त्रज्ञाचें १८८० मधील व्याख्यान त्याच्या वाचनांत आलें. कलहाच्या नियमाबरोबर परस्परसाहाय्याचाहि नियम सृष्टींत आहे, हें त्यांतील प्रमेय त्यानें उचललें. हक्सलेचा लेख वाचल्यावर त्यानें संपादक जेम्स नोल्स यांजकडे उत्तरासाठीं जागा मागितली. सप्टेंबर १८९० पासून जून १८९६ पर्यंत त्याचे लेख येत गेले. प्राणी, रानटी टोळ्या, मध्ययुगीन नगरें व अर्वाचीन समाज अशा क्रमानें लिहिलेले हे लेख 'परस्परसाहाय्य' या अर्थाच्या नांवाच्या ग्रंथरूपानें १९०२ सालीं बाहेर पडले.

आतां या दोघांपैकीं खरा कोण? लंडनच्या गर्दींतून पाहणाऱ्यास माणूस माणसावर आदळतांना दिसला. सैबेरियाच्या ओसाडींतून पाहणाऱ्यास सर्व जीव मिळून थंडीशीं झगडतांना दिसले. प्रत्येकाच्या दृष्टींत त्याच्या भूमीचा व त्याच्या राजकीय मताचा रंग उतरला होता. कारण क्रोपॉटकिनला राज्यसत्तेवांचून चालणारा समाज हवा होता, आणि हक्सलेला कायदा व शिक्षण यांनीं सांवरलेला. पण दोघांवरहि एकांगीपणाचा आरोप सर्वस्वी लादतां येत नाहीं. झुंज नाहींच असें क्रोपॉटकिननें कोठेंहि म्हटलें नाहीं. उपेक्षित राहिलेली एक बाजू आपण मांडीत आहों, एवढाच त्याचा दावा होता. खरा मतभेद निराळाच होता. नीति ही सृष्टिक्रमाची पुढची पायरी आहे असें एकाचें म्हणणें. ती सृष्टिक्रमाविरुद्ध मनुष्यानें पुकारलेलें बंड आहे असें दुसऱ्याचें.

हक्सलेनें आपलें म्हणणें पूर्णत्वास नेलें तें १८ मे १८९३ रोजीं ऑक्सफर्ड येथें दिलेल्या व्याख्यानांत. त्यांत भारतीय विचाराला त्यानें बरीच जागा दिली आहे. कर्मविपाक, ब्रह्म व आत्मा, गौतम बुद्धाचा उपदेश, आणि त्यांच्या जोडीला ग्रीसचे स्टोइक, यांचा परामर्श घेऊन तो म्हणतो कीं, जगाचें दुःख या लोकांनीं नीट ओळखलें, पण अखेरीस जगापासून दूर होण्याची वाट धरली. सृष्टिक्रमाचें अनुकरण करूं नये, त्यापासून पळूंहि नये, त्याशीं सामना करावा, हा त्याचा निष्कर्ष. आपल्याकडील वाचकाला येथें १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'ची आठवण होईल. भारतीय विचाराचें पर्यवसान संन्यासांत होत नसून कर्मयोगांत होतें, हें टिळकांनीं तेथें मोठ्या विस्तारानें प्रतिपादिलें आहे. आणि परोपकार म्हणजे केवळ दूरदर्शी स्वार्थ, या हॉब्सप्रभृतींच्या मताचा समाचारहि घेतला आहे. म्हणजे मंडालेच्या तुरुंगांत लिहिल्या गेलेल्या मराठी ग्रंथापर्यंत हाच प्रश्न येऊन पोंचला होता.

विसाव्या शतकांत या प्रश्नाला गणिताची जोड मिळाली. १९६४ सालीं विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रजानें दाखविलें कीं, साहाय्य करणाऱ्याचें नुकसान जर साहाय्य घेणाऱ्याच्या फायद्याला नात्याच्या जवळिकीनें गुणून येणाऱ्या संख्येपेक्षां कमी असेल, तर परार्थाची वृत्ति वंशांत टिकते. कारण आप्तांच्या ठायीं तेच जनुक वास करीत असतात. स्वतः वांझ राहून पोळ्यासाठीं मरणाऱ्या मधमाशीचें कोडें यामुळें बरेंच उलगडलें. या विचाराचा अंकुर जे. बी. एस. हॅल्डेन यांच्या १९३२ मधील ग्रंथांत होता. तेच हॅल्डेन १९५७ सालीं हिंदुस्थानांत येऊन राहिले व १९६४ च्या डिसेंबरांत भुवनेश्वर येथें वारले. १९७१ सालीं रॉबर्ट ट्रिव्हर्स यानें अनात्मीयांतील साहाय्याचा विचार केला: ज्याच्याशीं वारंवार गांठ पडावयाची, त्याला आज दिलेलें उद्यां परत मिळतें. कोस्टा रिकांतील रक्तपायी वाघळें उपाशी सोबत्यास आपल्या पोटांतील रक्त ओकून पाजतात, आणि आपणांस ज्यानें पूर्वीं पाजलें त्यास विशेषेंकरून पाजतात, हें १९८४ सालीं जेरल्ड विल्किन्सन यानें प्रसिद्ध केलें. त्याच सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड यानें संगणकांवर व्यवहारनीतींची स्पर्धा लावली. तींत अनातोल रॅपोपोर्ट याची सर्वांत साधी युक्ति जिंकली: आरंभीं सहकार्य करावें, मग समोरचा जसें वागेल तसें वागावें. क्रोपॉटकिनला जें हरिणांच्या कळपांत दिसलें, त्याचा हिशेब याप्रमाणें मांडतां येऊं लागला.

पण या हिशेबांत नातें आहे किंवा परतफेड आहे. बुडणाऱ्या अनोळखी मुलाचें काय? येथें मनुष्याच्या खास परिस्थितीकडे पाहावें लागतें. मानवी बालक इतकें दीर्घकाळ परावलंबी असतें कीं एकट्या आईला तें वाढविणें कठीण. आजी, मावशी, थोरलीं भावंडें, शेजारीं या सर्वांच्या हातांची त्यास गरज पडते, आणि यांतूनच दुसऱ्याचें मन ओळखण्याची शक्ति वाढली असावी, असें सारा हर्डी या विदुषीनें २००९ सालीं प्रतिपादिलें. कलहारीच्या वाळवंटांतील शिकारी टोळींत मोठी शिकार आणणाऱ्याची स्तुति न करतां थट्टाच करतात, म्हणजे तो शेफारून इतरांवर हुकूम गाजवणार नाहीं, अशी हकीकत रिचर्ड ली यानें १९६९ सालीं लिहून ठेविली आहे. शेजाऱ्यांची स्तुति व निंदा यांवर डार्विननें जो भर दिला होता, तो येथें प्रत्यक्ष कार्य करतांना दिसतो.

आणि येथेंच मघाशीं राखून ठेवलेली गोष्ट पुढें येते. स्वकीयांविषयींची माया आणि परकीयांविषयींचें वैर या दोन वृत्ति एकमेकींच्या आधारानें वाढल्या असणें शक्य आहे, असें २००७ सालीं चोई व बोल्स या दोघा संशोधकांनीं गणितानें दाखविलें. म्हणजे ज्या हातानें शेजाऱ्यास धान्य दिलें, त्याच हाताला पलीकडच्या टोळीवर दगड उचलण्याचीहि संवय लागली असेल. सहकार्य नैसर्गिक आहे हें क्रोपॉटकिनचें म्हणणें खरें ठरलें. परंतु जें नैसर्गिक तें सगळेंच वंद्य नव्हे, हें हक्सलेचें म्हणणेंहि खोटें ठरलें नाहीं.

आमच्या मतें या वादाचें खरें शिक्षण हेंच आहे. एखाद्या वृत्तीचें मूळ सांगणें निराळें आणि तिचा आपणांवरील अधिकार सिद्ध करणें निराळें. गुराखी गुरें मोजण्यासाठीं दोरीला गांठी मारूं लागला आणि तेथून गणित निघालें असें मानलें, तरी दोन व दोन चार होतात हें सत्य गुरांवर अवलंबून राहत नाहीं. तसेंच करुणा ही पोळ्यांतून व कळपांतून आली असें ठरल्यानें ती हलकी होत नाहीं, आणि द्वेषहि तेथूनच आला असें ठरल्यानें तो क्षम्य होत नाहीं. दोन्ही आपणांस वारशांत मिळालीं आहेत. जपावें कोणतें व आवरावें कोणतें, याचा निवाडा वारसा करीत नाहीं. लहान लहान टोळ्या एकत्र होऊन राष्ट्रें झालीं, त्याअर्थीं सहानुभूति सर्व राष्ट्रांतील मनुष्यांपर्यंत पोंचण्याच्या आड केवळ एक कृत्रिम भिंत उरते, असें डार्विनसारख्या सावध पुरुषानेंहि १८७१ सालीं लिहिलें. ती भिंत आपोआप पडेल असा भरंवसा मात्र त्यानंतरच्या शतकाच्या इतिहासानें ठेविला नाहीं.

हक्सलेनें १८९४ सालीं समाजाला बागेची उपमा दिली होती: माळी दुर्लक्ष करील तर रान बाग गिळून टाकील. या उपमेवर आक्षेप घेणाऱ्यास म्हणतां येईल कीं माळी तरी कोठून आला? तोहि रानांतूनच आला. हें हक्सलेलाहि मान्य होतें. रानानेंच माळी निर्माण केला, त्याच्या हातांत ममता दिली, आणि कुंपणापलीकडच्याविषयीं संशयहि दिला. आतां कुंपण कोठें घालावयाचें हें रान सांगणार नाहीं. तें माळ्यानेंच ठरवावयाचें आहे, आणि प्रत्येक पिढींतील माळ्यानें नव्यानें ठरवावयाचें आहे.